पीपीटी नको, रजिस्टर आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बडोदा, छोटाउदेपूर, दाहोद या पट्ट्यात पाच-सहा लहान ख्रिस्ती संस्था आहात, सगळ्यांचं काम साधारण तेच, बचतगट, मुलांची शाळा, आरोग्य, थोडीफार शेती, आणि आता एकत्र शिकायचं, जमलं तर संशोधनही करायचं असं चाललंय. तर नेटवर्क आधी रजिस्टर करावं का, बाहेरचा कन्सल्टंट आणावा का, पैसे कुठून आणायचे आणि पहिली मीटिंग कशी घ्यायची. मी या भागात चोवीस वर्षं काम केलं, आधी फील्डवर, मग ऑफिसात, आता रिटायर्ड म्हणा पण कोणी बोलावलं की जाते. घरी मराठी, फील्डवर गुजराती आणि मोडकीतोडकी राठवी (राठवा आदिवासींची बोली), रिपोर्ट मात्र इंग्रजीत. या भाषांच्या भानगडीतच तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे पण त्यावर नंतर येते.

नेटवर्क रजिस्टर करू नका. निदान दोन वर्षं तरी नकोच. लोगो कसला, लेटरहेडवर कोणाचं नाव वर, अध्यक्ष कॅथलिक की मेथडिस्ट की आणखी कोणी, यात सहा महिने जातात आणि मग उद्घाटनाला बिशप साहेबांची तारीख मिळत नाही. मी असे दोन फोरम जन्मताना आणि मरताना पाहिलेत, दोन्हींचे लेटरहेडचे गठ्ठे कुठल्यातरी कपाटात अजून असतील.

आधी आमची एक फजिती सांगते, म्हणजे एकत्र शिकणं कशाला म्हणते ते कळेल.

आमचा तीन वर्षांचा शिक्षणाचा प्रोजेक्ट होता, उद्देश मुलांची शाळेतली हजेरी वाढवणे. पैसे उशिरा आले म्हणून बेसलाईन, म्हणजे कामाआधीची मोजणी, जानेवारीत झाली. आमची मुलं (म्हणजे कार्यकर्ते, आम्ही त्यांना मुलंच म्हणायचो) फळिया फळिया (वस्ती वस्ती) फिरली, निम्म्या घरांना कुलूप नाहीतर दारात एक म्हातारी आणि दोन बकऱ्या. हजेरीपटावर लाल शाईच लाल शाई. आम्ही लिहून आणलं, हजेरी फार कमी, पालकांमध्ये जागृती नाही. तीन वर्षांनी एंडलाईन, म्हणजे शेवटची मोजणी, झाली ती जुलैत. शाळा भरलेल्या, मुलं वर्गाच्या दारापर्यंत बसलेली, हजेरीचा आकडा नुसता उडी मारून वर. रिपोर्ट मी लिहिला. फोटो लावले, ग्राफ लावला, डोनर खूश, चर्चमध्ये उपकारस्तुतीची मीटिंग झाली, मी त्यात बोललेसुद्धा.

खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. प्रत्येक आकडा रजिस्टरवरून उतरवलेला.

आता तुम्हाला हे भाग माहीत आहेत म्हणून तुम्ही आत्ताच हसला असाल. दिवाळी झाली की तिकडची माणसं कामाला निघतात, बडोद्यात, अहमदाबादला, सुरतेला बांधकामावर, सौराष्ट्रात कोणाच्या तरी शेतावर भागिया म्हणजे वाटेकरी म्हणून, आणि मुलं बरोबर जातात कारण मागे सांभाळणार कोण. होळीला येतात, काही परत जातात, आणि पाऊस पडायला लागला की पेरणीसाठी सगळे घरी. म्हणजे आम्ही जानेवारीत रिकामं गाव मोजलं आणि जुलैत भरलेलं गाव मोजलं आणि मधला फरक आपल्या खात्यात जमा केला.

पण खरी गंमत पुढे आहे, गंमत कसली, अजून पोटात कळ येते. शेजारच्या तालुक्यात दुसरी एक ख्रिस्ती संस्था अगदी असाच प्रोजेक्ट चालवत होती. त्यांची बेसलाईन ऑगस्टमध्ये झाली होती आणि एंडलाईन फेब्रुवारीत. त्यांची हजेरी घसरलेली दिसली, डोनरने पुढचा टप्पा दिला नाही, दोन कार्यकर्ते घरी बसले. आणि ते आमच्या मुलांपेक्षा चांगलं काम करत होते हे मी शपथेवर सांगेन, मी त्यांची रात्रशाळा बघितली होती. हे सगळं आम्हाला कळलं कधी, तर कितीतरी वर्षांनी, बडोद्याच्या फतेगंजात एका लग्नाच्या जेवणात. त्यांचा जुना सुपरवायझर माझ्या शेजारी बसला होता, बोलता बोलता मी सहज विचारलं, तुमची बेसलाईन कुठल्या महिन्यात होती हो? त्याने सांगितलं आणि मग आम्ही दोघंही पुरी हातात धरून नुसते एकमेकांकडे बघत बसलो.

दोन्ही संस्था एकाच देवाला प्रार्थना करत होत्या, ईस्टरला एकाच मैदानावर पहाटेच्या उपासनेला येत होत्या, आणि दोन रिपोर्ट एकदा शेजारी शेजारी ठेवावेत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ठेवले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं की प्रश्न जागृतीचा नाही, स्थलांतराचा आहे, आणि पैसा शाळेच्या भिंती रंगवण्यात न घालता मुलांना मागे ठेवता येईल अशा हंगामी वसतिगृहात घालायला हवा होता. तर मी एकत्र शिकणं म्हणते ते एवढंच, दोन रिपोर्ट शेजारी ठेवणं. सेमिनार नंतरची गोष्ट.

मग आपण ते का करत नाही? माझं मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. आपल्याकडे साक्ष हा शब्द आहे. चर्चमध्ये साक्ष द्यायची म्हणजे मी अंधारात होतो, देवाने उचललं, आता बरं आहे. शेवट गोडच असतो, असायलाच पाहिजे, त्यासाठीच माणूस उभा राहतो. पण साक्षीचा दुसरा अर्थ कोर्टातला आहे, तिथे बघितलं ते सांगायचं, आपल्या बाजूचं असो नसो, आणि उलटतपासणीला तयार राहायचं. आपल्या संस्थांचे रिपोर्ट पहिल्या प्रकारच्या साक्षीसारखे लिहिले जातात आणि संशोधनाला दुसऱ्या प्रकारची लागते. डोनरचा दबाव आहे, मान्य, पण सगळं डोनरवर ढकलू नका, आपल्या तोंडातच ती चाल बसलेली आहे. एका बैठकीत मी विचारलं की गेल्या वर्षी काय फसलं ते प्रत्येकाने एक वाक्यात सांगा, तर पहिले तिघं म्हणाले, अडचणी आल्या पण प्रभूने मार्ग काढला. अहो, मार्ग काढला ते ठीक आहे, गाडी कुठे रुतली होती ते सांगा ना!

बरं, हे काही आत्ताचं खूळ नाही. ख्रिस्ती विकासकामात एकमेकांकडून शिकायची जुनी परंपरा आहे आणि आपलं बडोदंही तिच्यापासून फार लांब नाही. त्रावणकोरात मार्तंडमला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे स्पेन्सर हॅच यांनी १९२१ च्या सुमाराला ग्रामसुधारणेचं केंद्र काढलं. शरीर, बुद्धी, अध्यात्म, समाज आणि पैसा अशा पाची अंगांनी काम, आणि नियम असा की तज्ज्ञाने जवळ बसून सल्ला द्यायचा पण काम माणसाने स्वतः करायचं, म्हणून कोंबड्या, मधमाश्या असलं, गरीब शेतकरी घरी जाऊन करू शकेल तेवढंच दाखवायचं. इकडे बडोदा संस्थानात दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी यांनी १९३२ मध्ये ग्रामसुधारणेचं काम सुरू केलं. एक्स्टेन्शनच्या (ग्रामविस्ताराच्या) पुस्तकांत हे दोन्ही एकाच धड्यात येतात, पोरं साल पाठ करतात आणि विसरतात. माझ्या कामाचं त्यातलं एकच, शिकायला येणाऱ्याला भाषण नाही, चालू असलेली गोष्ट दाखवायची.

जामखेड तर आपल्या मराठी माणसांना सांगायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. आम्ही बडोद्याहून एक गट घेऊन गेलो होतो. माझी कल्पना अशी की डॉक्टर उभे राहतील, फळ्यावर काढतील, आम्ही वहीत उतरवू. उभ्या राहिल्या गावच्या आरोग्यसेविका. त्यातल्या काही जणी शाळेत गेलेल्याच नव्हत्या, आणि त्या आमच्या एमएसडब्ल्यू झालेल्या पोरांना गरोदर बाईच्या पायावरची सूज कशी बघायची ते शिकवत होत्या, बोट दाबून, खळगा किती वेळ राहतो ते मोजून. आमच्यातल्या एकाने विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? ती म्हणाली, एकमेकींकडून, दर आठवड्याला बसतो ना आम्ही. तिच्या त्या "बसतो ना आम्ही" मध्ये तुमच्या नेटवर्कची सगळी घटना आली असं समजा.

आणि तिसरं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. सर्वांत महत्त्वाचा बदल शोधण्याची जी पद्धत आज जगभर मोठमोठ्या संस्था वापरतात, म्हणजे लोकांकडून बदलाच्या गोष्टी गोळा करायच्या आणि गटाने बसून त्यातली एक निवडायची, ती रिक डेव्हिस यांनी बांगलादेशात एका ख्रिस्ती विकास संस्थेबरोबर काम करताना १९९० च्या दशकात बसवली. तिथल्या बचत आणि कर्जाच्या कामात इतकी माहिती यायची की नेमकं काय बदलतंय ते कोणाला कळत नव्हतं. आपल्याकडे ही पद्धत वापरतात पण अर्धीच, गोष्टी गोळा करतात, चांगली निवडतात, छापतात, झालं. मूळ जीव त्यात नाहीये. ही गोष्ट का निवडली आणि ती का नाही, हे सगळ्यांसमोर बोलायचं, लिहायचं आणि खाली फील्डवर परत कळवायचं, त्या भांडणातच शिकणं आहे. आम्ही करायला लागलो तेव्हा आमच्याकडे ती आठवडाभरात पुन्हा साक्षसभा झाली, म्हणून नियम केला की प्रत्येक संस्थेने एक बरी गोष्ट आणायची आणि एक वाईट बदलाचीही, आणि वाईट आधी वाचायची.

आता तुमच्या कामाचं बोलू.

पहिल्या मीटिंगला पीपीटी नको, रजिस्टर आणा. आम्ही हे केलं होतं, फतेगंजातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, खुर्च्या बाजूला सारून सतरंजीवर बसलो. तीन संस्था, तिघींची बचतगटांची रजिस्टरं मध्ये उघडून ठेवली, एकच गाव घेतलं. एक जण नाव वाचायचा, बाकीचे शोधायचे. पहिल्या पानावरच एक बाई तिन्ही रजिस्टरांत निघाली. तीन गटांची सभासद, तीन अंगठे, तीन संस्थांच्या वार्षिक अहवालात तीनदा मोजलेली. पुढची बाई दोनात. त्यापुढची पुन्हा तिन्हीत. अर्ध्या तासाने वाचणाऱ्याने आवाज हळू केला, कारण बाहेर पाळक साहेब उभे होते. निम्म्याहून जास्त नावं कुठे ना कुठे डबल होती. कोणी चोरी केलेली नव्हती हो, त्या बाईला विचारलं तर ती सरळ म्हणाली, एका गटाचं कर्ज दुसऱ्या गटाच्या पैशाने फेडते, तिसऱ्याचं बियाण्याला ठेवते, नाहीतर शेठकडे जावं लागतं. म्हणजे ती बाई आमच्यापेक्षा चांगली बँकर होती आणि आम्ही तिघं तिला तीन वेळा सक्षम करत बसलो होतो. त्या दिवशी जे कळलं ते कुठल्या कन्सल्टंटने दोन लाखांत सांगितलं नसतं.

त्यानंतर शब्दांवर भांडा. खरंच, भरपूर वेळ द्या त्याला. "गट चालू आहे" म्हणजे काय? एका संस्थेत पासबुक असलं की चालू, दुसरीत महिन्याला मीटिंग झाली की चालू, तिसरीत सिस्टर जाऊन आल्या की चालू. "शाळा सोडली" म्हणजे नाव कापलं तेव्हा की दोन महिने आलं नाही तेव्हा? आम्हाला चार शब्द ठरवायला दोन महिने लागले, लोक चिडले, एक डायरेक्टर म्हणाले की आपण शब्दकोश काढतोय का. पण शब्द एक झाल्याशिवाय आकडे एकत्र करणं म्हणजे शेर आणि लिटर एकाच घागरीत ओतणं.

प्रश्न एकच घ्या, एका वर्षासाठी एक. आणि तो डायरेक्टरांनी नाही, कार्यकर्त्यांनी काढलेला पाहिजे. डायरेक्टर लोकांचे प्रश्न फार मोठे असतात, "सर्वांगीण परिवर्तन" वगैरे. कार्यकर्ता विचारतो की तिसऱ्या वर्षी गट का मोडतात, मी जातो तोवर चालतात, मी जायचा बंद झालो की बंद. यावर एक वर्ष काम करा, तुम्हाला आयुष्यभर पुरेल.

महिना बघा, हे सांगायला नकोच आता. सर्व्हे करायचा तर सगळ्या संस्थांनी एकाच महिन्यात, आणि कुठला महिना ते गावाला विचारून. आम्ही नंतर हे केलं तेव्हा कागद नेलेच नाहीत. अंगणात काडीने बारा चौकोन आखले, मक्याचे दाणे दिले, आणि बायकांना म्हटलं, ज्या महिन्यात गावात जितकी माणसं तितके दाणे टाका. आधी सगळ्या हसल्या, मग एकीने पौषाच्या चौकोनात दोन दाणे टाकले, दुसरीने त्यातला एक उचलला, म्हणाली तो माझा सासरा, तो यंदा गेलाय कामाला. मग वाद, मग मोजणी, एका कोंबडीने येऊन आषाढातली चार माणसं खाल्ली. पण शेवटी जे चित्र जमिनीवर उरलं त्याचा फोटो मी अजून ठेवलाय, आमच्या बेसलाईन-एंडलाईनचं सगळं पाप त्यात दिसतं.

भेटी ठेवा, पण डायरेक्टरांच्या नाही. डायरेक्टर एकमेकांच्या गावाला गेले की ढोल वाजतो, हार पडतात, शाल मिळते आणि परत येतात. कार्यकर्त्याने दुसऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्याबरोबर दोन दिवस फिरायचं, रात्री त्याच्याच घरी राहायचं. आणि यजमानाने एक तरी मोडलेली गोष्ट दाखवायचीच, बंद पडलेला हातपंप, नुसतीच पाटी राहिलेली बालवाडी, काहीही. आमच्याकडे एका पोराने अशीच कोरडी पडलेली शेततळी दाखवली, तर पाहुणा पोरगा म्हणाला, अरे आमच्याकडेही हेच झालं होतं, माती मुरमाड आहे, खाली चिकणमातीचा थर घालावा लागतो. दहा मिनिटांचं काम. त्या शेततळ्यांवर आमच्याकडे दोन रिव्ह्यू मीटिंगा झाल्या होत्या, दोन्हींत लोकसहभाग कमी असं लिहिलेलं.

पैशाचं. तुम्हाला कोणीतरी सांगेल की एका मोठ्या संस्थेच्या नावावर परदेशी निधी घ्या आणि ती बाकीच्यांना वाटेल. पूर्वी असंच चालायचं. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिचं स्वतःचं रजिस्ट्रेशन असलं तरी नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. छोट्या संस्थांना याचा मार बसला, मी काही त्याचं कौतुक करत नाही. पण शिकण्याच्या कामाला फार पैसा लागतच नाही. बसभाडं ज्याचं त्याने, जेवण यजमानाचं, हॉल चर्चचा. आमच्या दीड वर्षाच्या कामात सगळ्यांत मोठा खर्च झेरॉक्सचा होता. आणि पैसा एकाच्या हातात नसल्यामुळे कोणी कोणाचा साहेब झालं नाही, हाही फायदाच म्हणायचा. तरी आपल्या सीएला विचारल्याशिवाय काही करू नका, मी सीए नाही.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, यावर तुम्ही लाजत लाजत विचारलंय म्हणून स्पष्ट सांगते. आपल्याकडे मोठ्या मदतसंस्थाही पंथांप्रमाणे वाटलेल्या, कॅथलिक संस्था कारितासच्या बाजूने काम करतात, प्रोटेस्टंट कासाच्या, इव्हँजेलिकल एफिकोरच्या, आणि नव्या मंडळ्यांच्या संस्था आपापल्या. एकाच बोडेलीच्या स्टँडवर चार बोलेरो उभ्या असतात आणि ड्रायव्हर सोडले तर कोणी एकमेकांना ओळखत नाही. (ड्रायव्हरांची मीटिंग घेतली तर सगळ्यात जास्त माहिती मिळेल, हे मी चेष्टेत नाही म्हणत.) आरोग्यवाले यात कधीच पुढे गेले. प्रोटेस्टंट दवाखान्यांची संघटना १९०५ पासूनची, कॅथलिकांची १९४३ ची, डॉक्टर असलेल्या सिस्टर मेरी ग्लोरी यांनी सुरू केलेली. नर्सिंगचं शिक्षण, औषधांची खरेदी, टीबी, असल्या कामाच्या गोष्टींवर हे लोक एकत्र बसतात कारण पेशंटच्या खोकल्याला पंथ नसतो. तुम्हीही कामाच्या गोष्टीपासून सुरुवात करा, एकत्र उपासनेची तारीख आपोआप ठरेल.

माहिती एकत्र ठेवल्याने काय होऊ शकतं हे बघायचं असेल तर आपल्या शेजारचंच उदाहरण आहे, ते ख्रिस्ती संस्थांचं नाही, आदिवासी मजुरांच्या संघटनांनी ते लढवलं. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार या भागांतले लोक गोध्रा, बालासिनोर बाजूला दगड दळणाऱ्या क्वार्ट्झच्या कारखान्यांत कामाला यायचे, काही महिने काम केलं की खोकला, वजन उतरायचं, घरी जाऊन मरायचे. कित्येकांना टीबी म्हणून औषधं चालू राहिली. एकेका गावात बघितलं तर टीबीने गेलेला एकेक माणूस. गावोगावच्या याद्या एकत्र केल्यावर, कोण कुठल्या कारखान्यात होतं ते शेजारी लिहिल्यावर सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, उघडा पडला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात सरकारला केली आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते द्यायला लावले. म्हणून म्हणते, रजिस्टरला हलकं समजू नका. आपल्या मिशन दवाखान्यांच्या केसपेपरांतही असं काय काय पडलेलं असेल आणि प्रत्येकाला वाटत असेल आपल्याकडे एकच केस आली.

एक सावधगिरी. गुजरातेत धर्मांतराचा कायदा २००३ पासून आहे, २०२१ मध्ये आणखी कडक झाला. सर्व्हेच्या फॉर्मवर धर्माचा कॉलम कामाशिवाय ठेवू नका, प्रार्थनेला कोण येतं याची वही आणि विकासकामाची वही एका पिशवीत सुद्धा नको. हे नुसतं कायद्याच्या भीतीने सांगत नाही. मदतीचा उपयोग धर्म पुढे नेण्यासाठी करायचा नाही हे रेडक्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेत आहे आणि आपल्या पुष्कळ मोठ्या संस्थांनी त्यावर सही केलेली आहे. त्याहून साधी गोष्ट, समोरच्या बाईला वाटलं की बरोबर उत्तर दिलं तर बकरी मिळेल, तर ती तुम्हाला हवं तेच उत्तर देणार, आणि मग तुमचं संशोधन चुलीत. व्यक्तिगत माहितीचा २०२३ चा कायदाही आलाय, तेव्हा आधारच्या झेरॉक्सा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा, मुलांचे फोटो तर ग्रुपवरून आजच काढून टाका.

कन्सल्टंट लागतो का? लागतो, पण शेवटी, हिशेब तपासायला. आधी आपल्या शहरात काय आहे बघा. एमएस युनिव्हर्सिटीची सोशल वर्क फॅकल्टी आहे, पोरं फील्डवर्कला येतात, प्रश्नावली बनवण्यात ती आपल्यापेक्षा पक्की असतात, फक्त परीक्षा आली की गायब होतात, तेव्हा त्यांच्यावर जून ते डिसेंबर एवढाच भरवसा ठेवा. बडोद्याजवळ सेवासीला जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं संशोधन केंद्र आहे, समाजशास्त्रज्ञ लॅन्सी लोबो यांनी तिथून गुजरातेतल्या विस्थापनावर १९४७ ते २००४ एवढ्या काळाचं काम केलं, गावोगावची जमीन कोणाची गेली आणि किती, हे सगळं. असल्या माणसांकडे जाऊन आपली चार पानं दाखवा, ती फाडतील, फाडू द्या. फक्त एक कागद आधी करून घ्या की डेटा कोणाचा, नाव कोणाचं आणि गावाला परत काय मिळणार.

गावाला परत, हे आमच्याकडून सर्वांत जास्त राहिलेलं काम. कवांटकडच्या एका बाईने मला तोंडावर सांगितलं होतं, "तमे पूछीने जाओ छो, पाछा कहेवा कोई आवतुं नथी." विचारून जाता, परत सांगायला कोणी येत नाही. तेव्हा मी उत्तर दिलं की बेन, रिपोर्ट इंग्रजीत आहे. काय पण उत्तर! त्यानंतर ठरवलं की जे काही निघेल ते आधी गुजरातीत चार पानांत, मोठ्या अक्षरात, आणि राठवीत बोलून, फोनवर रेकॉर्ड करून. इंग्रजी सगळ्यात शेवटी. आमच्यातल्या एका उत्साही पोराने सुचवलं की पिठोऱ्याच्या (राठव्यांच्या घरात भिंतीवर काढतात त्या) चित्रासारखं चितारून भिंतीवर लावू, लोकांना आपलं वाटेल. गावच्या म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, पिठोरो आमचा देव आहे, तुमचा चार्ट नाही. बरोबरच होतं त्याचं. आम्ही दाण्यांवर परत आलो. आणि परत सांगायला गेलं की फायदा असा होतो की लोक चुका काढतात, आमचा तिसऱ्या वर्षी गट मोडण्याचा सगळा सिद्धांत एका गावात दहा मिनिटांत मोडला, बायका म्हणाल्या गट मोडत नाही, तिसऱ्या वर्षी आमची पोरगी लग्न होऊन जाते आणि हिशेब लिहिणारी तीच असते.

हे आमच्या संस्थांच्या कुठल्याही रिपोर्टात नव्हतं. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक गटात लिहिणाऱ्या दोघी ठेवायला लागलो, एक सून आणि एक लेक.

अजून काय विचारलंत, मिनिट्स कोणी लिहायचे. सगळ्यात लहान संस्थेने, आणि त्याच रात्री ग्रुपवर टाकायचे, गुजरातीत, एका पानात, बिघडलेलं पहिल्या ओळीत. मीटिंग दर दोन महिन्यांनी पुरे, पावसाळ्यात एखादी चुकली तर चुकू दे. तारीख ठरवताना मात्र तिथला हाट (आठवडी बाजार) कुठल्या वारी असतो ते आधी विचारून घ्या. आम्ही एकदा बरोबर हाटाच्या दिवशी गाव-बैठक ठेवली होती, सत्तर माणसांचा नास्ता, फाफडा-जलेबी थेट बडोद्याहून नेलेली. आलो आम्ही सात जण आणि शाळेचा शिपाई, तोही हॉलची चावी परत मागायला.